रोजनिशीचे कुलूप कोणाच्या हाती?

वाईहून तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी, मेणवली येथे नाना फडणिसांचा वाडा उभा आहे. घाट पाहण्यासाठी आणि अलीकडे चित्रपटांत दिसलेली ठिकाणे ओळखण्यासाठी तेथे माणसे येत असतात. परंतु या वाड्याचे एक मोठे वैभव आता तेथे नाही. नानांचे कागद, म्हणजेच इतिहासात गाजलेले मेणवली दप्तर, वाड्यातून केव्हाच बाहेर पडले. त्यातील मोठा भाग इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या संग्रहात साताऱ्यास आला आणि 1939 साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात गेला. दुसऱ्याच्या मनातले बातमीदारांकरवी काढून घ्यावे आणि आपल्या मनातले कोणास कळू देऊ नये, अशी ज्या मुत्सद्द्याची ख्याती, त्याचे कागद आज अभ्यासकांच्या टेबलावर उलगडले जातात.

राज्यकारभाराच्या कागदांविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण नानांनी आपल्या पूर्वायुष्याचे एक लहानसे आत्मवृत्तही लिहून ठेवले होते. 1761 च्या जानेवारीत पानिपतावरून जीव वाचवून परतलेल्या, वयाची एकोणीस वर्षेही पुरी न झालेल्या तरुणाची ती हकीकत आहे. त्यात रणांगणातून झालेली पळापळ आहे, त्या धामधुमीत अंतरलेल्या मातेचे दुःख आहे. आणि तारुण्यातील मनोविकारांची एखाद्याने देवापुढे द्यावी तशी कबुलीही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे इंग्रजीत भाषांतर केले. इतिहासाचा त्यात लाभ झाला, हे निर्विवाद. तथापि लिहिणाऱ्याची संमती विचारण्याची सोय कोणापाशीच नव्हती, हेही तितकेच निर्विवाद.

रोजनिशी कागदावर लिहावी की मोबाईलवर, हा आजच्या तरुण पिढीत रंगणारा वाद या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. वरवर पाहता तो केवळ आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. एकाला शाईच्या वासाशिवाय आणि वहीच्या कोऱ्या पानाशिवाय मन मोकळे होत नाही. दुसऱ्याला बसच्या प्रवासात चार ओळी टिपून ठेवता येतात याचेच सुख वाटते. आवडीवर वाद घालण्यात अर्थ नसतो. परंतु या आवडीच्या मुळाशी बहुधा एक भीती असते. आपले लिहिलेले कोण वाचील, ही ती भीती होय. आणि ती प्रत्येकाची निराळी असते.

कागदाचा पक्ष घेणारे म्हणतात, वही ट्रंकेत ठेवली की ती ट्रंकेतच राहते; कोण्या दूरदेशीच्या कंपनीला तिचा पत्ता नसतो. हे खरेच आहे. मोबाईलवर लिहिलेला मजकूर अनेकदा लिहिणाऱ्याच्या नकळत दूरच्या संगणकावर साठविला जातो. तो कूटबद्ध असेल आणि त्याची किल्ली केवळ लिहिणाऱ्यापाशी असेल तर गोष्ट वेगळी. पण किल्ली कंपनीच्याही हाती असेल तर ते कुलूप नव्हे, नुसती कडी आहे. शिवाय असल्या साठ्याच्या चिरस्थायित्वाचीही खात्री नसते. गूगलने 2023 साली जाहीर केलेल्या धोरणानुसार दोन वर्षे वापरात नसलेले वैयक्तिक खाते त्यातील मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते.

मग कागदच श्रेष्ठ, असा निर्वाळा द्यावयाचा काय? तसे करण्यापूर्वी मध्यमवर्गीय मराठी घराचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. दोन खोल्यांत पाच माणसे, एक कपाट आणि त्याची किल्ली सर्वांना ठाऊक असलेल्या खुंटीवर! अशा घरातील महाविद्यालयीन मुलीला किंवा नव्याने नांदावयास आलेल्या सुनेला परदेशी कंपनीची भीती फारशी नसते. तिला भीती असते ती आवराआवर करता करता वही उघडणाऱ्या हाताची. तिच्या आयुष्यात दाराला आतून कडी लावता येईल अशी पहिली खोली कोणती असेल, तर ती परवलीच्या शब्दामागे दडलेली, तळहाताएवढी मोबाईलची खोली. तिला कागदाच्या पावित्र्याचे पाठ देणे हे अनुभवशून्यतेचे लक्षण होय. आणि कागद तरी कितीसा टिकतो? वाईवरून वाहणारी हीच कृष्णा 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत घराघरांत शिरली, तेव्हा पाण्याने वह्या आणि दप्तरे यांची गय केली नाही.

लपविण्याची युक्तीही कोणत्याच माध्यमात कायमची पुरत नाही. मोडी लिपी एके काळी घरोघर वाचली जाई. आज मोडीतला कागद घरातल्याच माणसांना कुलूपबंद वाटतो, पण जाणकार भेटताच ते कुलूप उघडते. सॅम्युअल पेपिस या इंग्रज अधिकाऱ्याने 1660 ते 1669 पर्यंतची रोजनिशी लघुलिपीत लिहिली. 1825 साली ती छापून निघाली. अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीने आपल्या वहीतील दोन पानांवर तपकिरी कागद चिकटवून ती झाकली होती. 2018 साली छायाचित्रणाच्या नव्या तंत्राने ती पानेही वाचली गेली. एका मुलीने जाणूनबुजून झाकलेले पान जगाने उघडले. त्याने साहित्याची वा इतिहासाची कितीशी भर पडली, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कायद्याकडे वळावे तर तेथे अर्धाच दिलासा मिळतो. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने दिला. त्यानंतर 2023 साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. परंतु तो डिजिटल स्वरूपातील माहितीपुरता आहे. ट्रंकेतली वही त्याच्या कक्षेत येत नाही. व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापरही त्यातून वगळला आहे. म्हणजे कंपनीला जाब विचारण्याची थोडीबहुत सोय झाली. पण मुलीची वही वाचणाऱ्या बापाला किंवा पत्नीचा मोबाईल चाळणाऱ्या नवऱ्याला या कायद्याने प्रश्न विचारता येत नाही. तो प्रश्न संस्कृतीनेच विचारावयाचा आहे.

आणि येथेच शाळेचा संबंध येतो. विद्यार्थ्यांना रोजनिशी लिहावयास लावण्याची प्रथा अनेक शाळांत आहे आणि तिचा हेतू उत्तम आहे. पण ती वही शनिवारी गोळा केली जाते, तांबड्या शाईने तपासली जाते आणि क्वचित एखादे पान वर्गात मोठ्याने वाचलेही जाते. यातून मूल शुद्धलेखन शिकत असेल. त्याबरोबर ते आणखी एक गोष्ट शिकते. जे तपासले जाणार ते खरे लिहावयाचे नसते! मग सकाळी उठणे, देवाला नमस्कार करणे आणि वेळेवर अभ्यास करणे एवढ्यातच त्याची रोजनिशी संपते. रोजनिशीचा संस्कार खरोखर रुजवावयाचा असेल, तर शिक्षकाने पाने भरली आहेत की नाहीत एवढेच पाहावे आणि मजकुरावर नजर न टाकता वही मिटून परत करावी. भाषा तपासण्यास निबंधाची वही आहेच. आपले लिहिलेले मोठ्या माणसाच्या हाती जाऊनही न वाचता परत आले, हा अनुभव मुलाला खाजगीपणाविषयीच्या दहा व्याख्यानांहून अधिक शिकवील.

कागद की मोबाईल, याचा निर्णय ज्याचा त्याने आपल्या घराची रचना पाहून करावा. लिहिणाऱ्याने मात्र एक काम टाळू नये. आपल्या पश्चात या लेखनाचे काय व्हावे, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवावे. जाळावे, घरातल्या कोणा एकाला द्यावे, की संशोधकाला खुले करावे, हे दोन ओळींत सांगता येते. नानांना ती सोय सुचली नसेल किंवा गरज वाटली नसेल. आज मोबाईलमध्ये आयुष्य साठविणाऱ्यांनी आणि जुन्या वह्या जपणाऱ्यांनी त्या दोन ओळी वेळेवर लिहिल्या, तर मागे राहिलेल्यांना निदान वाचण्यापूर्वी परवानगी आहे की नाही, हे तरी कळेल.