तर, तरच आणि तर्क

टेबलावर चार कार्डे ठेवली आहेत. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला संख्या आहे. आपल्याला फक्त वरची बाजू दिसते : ई, क, ४ आणि ७. आता हे विधान पाहा.

'कार्डाच्या एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते.'

या चार कार्डांच्या बाबतीत हे विधान खरे आहे की खोटे, हे ठरवायला कोणकोणती कार्डे उलटून पाहावीच लागतील? पुढे वाचण्याआधी आपले उत्तर एका कागदावर लिहून ठेवा.

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये अशा प्रकारचे कोडे मांडले. बहुतेक जण 'ई आणि ४' किंवा 'फक्त ई' असे उत्तर देतात. बरोबर उत्तर आहे 'ई आणि ७'. ई च्या मागे विषम संख्या निघाली तर विधान खोटे ठरेल. ७ च्या मागे स्वर निघाला तरीही ते खोटे ठरेल. ४ च्या मागे मात्र काहीही निघाले तरी बिघडत नाही. स्वर निघाला तर ठीकच. व्यंजन निघाले तर व्यंजनांबद्दल आपले विधान काही म्हणतच नाही. याच कारणाने क उलटण्याचीही गरज नाही.

वेसन आणि त्यांचे सहकारी फिलिप जॉन्सन-लेअर्ड यांनी १९७० मध्ये अशा चार प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. भाग घेतलेल्या १२८ जणांपैकी अचूक उत्तर देणारे निघाले अवघे ५. तेव्हा आपले उत्तर चुकले असेल, तर वाईट वाटून घेऊ नका.

तेच कोडे, वेगळे शब्द

आता दुसरे कोडे. शाळेचा नियम असा : 'सहलीला जायचे असेल, तर पालकांचे संमतीपत्र हवे.' चार मुलांची चार कार्डे आहेत. एका बाजूला मूल सहलीला गेले की घरी राहिले ते लिहिले आहे, दुसऱ्या बाजूला पत्र दिले की नाही ते. आपल्याला दिसते ते असे : 'सहलीला गेला', 'घरी राहिला', 'पत्र दिले', 'पत्र दिले नाही'. कोणी नियम मोडला आहे का, हे पाहायला कोणती कार्डे उलटाल?

इथे फारसा विचार करावा लागत नाही. पहिले आणि शेवटचे. पत्र देऊनही एखादा घरी राहिला, तर त्यात नियम मोडला कुठे?

दोन्ही कोड्यांचा सांगाडा एकच आहे. 'सहलीला गेला' म्हणजे ई, 'पत्र दिले नाही' म्हणजे ७. मग एक अवघड आणि दुसरे सोपे का?

पहिला अंदाज असा होता, की रोजच्या जीवनातले शब्द आले की तर्क सोपा होतो. १९७२ मध्ये जॉन्सन-लेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षर-संख्यांऐवजी टपालाची पाकिटे वापरली. 'पाकीट चिकटवलेले असेल, तर त्यावर अमुक किमतीचे तिकीट असते,' असा नियम होता. ब्रिटिश मंडळींनी हे कोडे सहज सोडवले. पुढे रिचर्ड ग्रिग्ज आणि जेम्स कॉक्स यांनी फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांना तेच पाकिटांचे कोडे घातले, तेव्हा त्याचा काही उपयोग झाला नाही. चिकटवलेल्या पाकिटाला जास्त टपालखर्च, हा प्रकार ब्रिटनमध्ये एके काळी होता. अमेरिकन विद्यार्थ्यांना तो अनोळखी होता. मग या दोघांनी त्यांच्या ओळखीचा नियम घेतला : 'बिअर पीत असेल, तर वय १९ च्या वर हवे.' १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ४० पैकी २९ जणांचे उत्तर बरोबर आले. त्याच विद्यार्थ्यांपैकी अक्षर-संख्यांचे कोडे एकालाही सुटले नव्हते.

इथे आणखी एक बारकावा आहे. पहिल्या कोड्यात 'विधान खरे आहे का?' असे विचारले होते. दुसऱ्यात 'नियम कोणी मोडला का?' असे विचारले. 'असते' च्या जागी 'हवे' आले, की आपले लक्ष आपोआप नियम मोडणाऱ्याकडे वळते, आणि या कोड्याची किल्ली नेमकी तीच आहे. म्हणजे केवळ परिचित वस्तू घातल्याने भागत नाही. वाक्य आपल्याला काय शोधायला लावते, तेही महत्त्वाचे.

बरोबर उत्तरही फसवते

आता मूळ विधानात एकच शब्द बदलू. 'एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या नसते.' कार्डे तीच. आता कोणती उलटायची?

उत्तर आहे 'ई आणि ४', कारण स्वर आणि सम संख्या एकत्र आली तरच हे विधान खोटे ठरते. नकार आला की वाक्य अवघड होते, असा आपला अनुभव. पण जोनाथन इव्हान्स आणि जे. एस. लिंच यांनी १९७३ मध्ये दाखवले, की अशा नकारार्थी रूपात बरोबर उत्तरांचे प्रमाण पुष्कळ वाढते. म्हणजे 'नाही' मुळे लोक अचानक हुशार झाले का? तसे नाही. वाक्यात ज्या गोष्टींचा उल्लेख असतो, तीच कार्डे उचलण्याकडे आपला कल असतो. वाक्यात स्वर आणि सम संख्या हे शब्द आले, म्हणून ई आणि ४. पहिल्या वेळी ही सवय चुकीच्या उत्तराकडे नेते, दुसऱ्या वेळी तीच सवय बरोबर उत्तराकडे नेते.

शिक्षकाच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. उत्तर चुकले म्हणजे विद्यार्थ्याला तर्क येत नाही, असे म्हणता येत नाही. आणि उत्तर बरोबर आले म्हणजे तर्क येतो, असेही म्हणता येत नाही. त्याने कोणता प्रश्न सोडवला, हे कळल्याशिवाय नुसत्या उत्तरावरून काही ठरत नाही.

गाई जास्त की काळ्या गाई?

लहान मुलांच्या बाबतीत हे आणखी ठळकपणे दिसते. चार खेळण्यातल्या गाई आहेत, तीन काळ्या आणि एक पांढरी. 'काळ्या गाई जास्त आहेत की गाई जास्त आहेत?' असे विचारले, की सहा वर्षांची बरीच मुले म्हणतात, 'काळ्या गाई जास्त.' पूर्ण आणि भाग यांची एकाच वेळी तुलना करणे या वयात जमत नाही, असा अर्थ ज्याँ पियाजे यांनी अशा उत्तरांवरून लावला होता. जेम्स मॅकगॅरिगल यांनी त्या गाई आडव्या ठेवून 'या झोपल्या आहेत' असे सांगितले, आणि प्रश्नात एक शब्द वाढवला : 'काळ्या गाई जास्त की झोपलेल्या गाई जास्त?' सगळ्याच झोपलेल्या, म्हणजे प्रश्न तोच. मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात दिलेल्या माहितीनुसार पहिल्या रूपात २५ टक्के मुलांचे उत्तर बरोबर होते, दुसऱ्या रूपात ४८ टक्के. 'झोपलेल्या' या शब्दाने सगळा गट मुलांच्या नजरेत आणून दिला. पहिल्या रूपात अनेक मुले काळ्या गाईंची तुलना पांढऱ्या गाईशी करत असावीत. म्हणजे त्यांचे उत्तर बरोबर होते, फक्त ते आपल्या प्रश्नाचे नव्हते.

आपली मराठी

मराठीत अशा जागा पुष्कळ आहेत. 'गृहपाठ पूर्ण केलास तर खेळायला सोडीन,' असे आई म्हणते, तेव्हा गृहपाठ न केल्यास काय होईल ते तिने सांगितलेले नसते. पण मूल ते ऐकते, आणि बरोबर ऐकते. रोजच्या बोलण्यात 'तर' चा अर्थ बहुधा 'तरच' असतो. तर्काच्या कोड्यात मात्र 'तर' आणि 'तरच' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तो वर्गात कधीतरी उघडपणे बोलून दाखवायला हवा.

'सगळी मुले आली नाहीत' हे वाक्य घ्या. एकही आले नाही, की काही आली आणि काही नाही? बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळते, कागदावर कळत नाही. किंवा हे उदाहरण : 'मीनाजवळ ८ बोरे आहेत. ती राजूजवळच्या बोरांपेक्षा ३ ने जास्त आहेत. राजूजवळ किती?' 'जास्त' दिसले की बेरीज, अशी सवय लागलेले मूल ११ म्हणते. 'जास्त म्हणजे बेरीज' ही युक्ती आपणच शिकवलेली असते का, हेही तपासून पाहावे.

वर्गात काय करता येईल?

एक, कोडे सोडवण्याआधी मुलांना ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे. दोन, 'हे विधान खोटे कधी ठरेल?' हा प्रश्न नेहमी विचारावा. चार कार्डांचे कोडे या एका प्रश्नाने निम्मे सुटते. तीन, एकच कोडे दोन प्रकारे लिहून द्यावे आणि 'ही दोन कोडी एकच आहेत का?' अशी चर्चा घडवावी.

मात्र सगळी कोडी सोप्या शब्दांत घालत राहणे हा यावरचा उपाय नाही. शिष्यवृत्ती परीक्षेत किंवा पुढे एखाद्या प्रमेयात वाक्य जसे येईल तसेच घ्यावे लागते. सहलीच्या कोड्यावरून पुन्हा ई, क, ४, ७ कडे जाऊन 'इथे पत्र न दिलेला मुलगा कोणता?' असे विचारावे. अवघड वाक्याचे सोपे रूप आपण करून देण्याऐवजी ते मुलांना करता येऊ लागले, की भाषा आणि गणित हे दोन्ही तास एकदमच सार्थकी लागतात.

शेवटी वर्गात करून पाहण्यासाठी एक प्रश्न. 'या वर्गातल्या काही मुलांना पोहता येते,' हे विधान खरे आहे. यावरून 'या वर्गातल्या काही मुलांना पोहता येत नाही,' असे नक्की म्हणता येईल का? मुलांची उत्तरे फळ्यावर लिहून घ्या, पण चूक-बरोबर इतक्यात सांगू नका. आधी प्रत्येकाला विचारा : 'काही' या शब्दाचा अर्थ तू काय घेतलास?