हळदीची सीडी आणि कॉम्प्युटरमधला प्लेअर

ठाण्याहून बाळकुम सोडून खाडीचा पूल ओलांडला की कशेळी लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे, आणि त्यांच्या मागे जुनी आगरी घरे. या घरांमध्ये लग्नाची खरी रात्र हळदीची. धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणते आणि मांडव जागा राहतो. वीसेक वर्षांपूर्वीच्या अशाच एका हळदीच्या तीन व्हीसीडी घेऊन शेजारच्या काकू माझ्याकडे आल्या. धवले म्हणणारी त्यांची आई होती. ती आता नाही.

“बघ ना रे, आईचा आवाज आहे यात. पोराने कॉम्प्युटरवर लावायला घेतली तर काहीच उघडत नाही.”

पोरगा गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवरच काम करतो, म्हणून त्याने आपल्या परीने उपाय केला होता. सीडी चालत नाही म्हणजे विंडोजमधला मीडिया प्लेअर बिघडला, असे धरून त्याने तो काढून टाकला. मग कुठल्याशा साइटवरून फुकटचा ‘कोडेक पॅक’ उतरवून बसवला. त्याबरोबर ब्राउझरमध्ये नको त्या जाहिराती आल्या, आणि सीडी काही चालली नाही. ही चूक फार जण करतात. प्लेअर काढणे हा या वाटेवरचा शेवटचा टप्पा आहे आणि बहुतेक घरांत त्याची गरजच पडत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

आमच्या रस्त्यावर दिवसभर कंटेनर उभे असतात, त्यांच्यावरून हे लवकर समजते. व्हिडिओच्या फायलीलाही या क्षेत्रातले लोक कंटेनरच म्हणतात. एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय हे कंटेनरचे प्रकार. आत भरलेला माल म्हणजे चित्र आणि आवाज, आणि तो दाबून बांधायची जी पद्धत तिला कोडेक म्हणतात. एकाच प्रकारच्या कंटेनरमध्ये वेगवेगळ्या पद्धतीने बांधलेला माल असू शकतो. फाइलच्या नावापुढची डॉटनंतरची अक्षरे म्हणजे कंटेनरवर लावलेली चिठ्ठी. आपण फाइलवर दोनदा क्लिक करतो तेव्हा विंडोज आतला माल तपासत बसत नाही. ते चिठ्ठी वाचते आणि या चिठ्ठीची फाइल कोणाकडे पाठवायची हे आपल्या यादीत पाहते. त्या यादीत ज्याचे नाव असेल तो आपला ‘डिफॉल्ट’ प्लेअर.

म्हणजे फाइल चालत नसेल तर चूक तीन ठिकाणी असू शकते: चिठ्ठीत, मालात किंवा प्लेअरमध्ये. कोणती ते दोन मिनिटांत कळते. मोबाइलवर काढलेला एखादा साधा व्हिडिओ आणि एखादे एमपीथ्री गाणे त्याच प्लेअरमध्ये लावून पाहा. ती दोन्ही चालली तर प्लेअर ठीक आहे. चित्र काळे आणि आवाज तेवढा येतो, असे झाले तर बहुधा कोडेक नाही. आयफोनवर २०१७ पासून आणि आता अनेक अँड्रॉइड फोनवरही व्हिडिओ एचईव्हीसी या पद्धतीने बांधला जातो. विंडोजच्या आपल्या प्लेअरला तो उलगडायला मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून वेगळी जोडणी घ्यावी लागते.

प्लेअर खरोखर अडतो तो बहुतेक वेळा त्याच्या गाण्यांच्या यादीमुळे. जुना विंडोज मीडिया प्लेअर उघडताच कॉम्प्युटरवरच्या सगळ्या गाण्या-व्हिडिओंची नोंदवही तयार करतो. ही वही खराब झाली की तो गोठतो, पुसलेली गाणी दाखवतो, नवी दाखवत नाही. त्यासाठी प्लेअर काढायचे कारण नाही. प्लेअर बंद करा. सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज मीडिया प्लेअर नेटवर्क शेअरिंग सर्व्हिस’ चालू असेल तर ती थांबवा. मग आपल्या नावाच्या फोल्डरात ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात मीडिया प्लेअर असे जा. ॲपडेटा लपवलेले असते, म्हणून आधी ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर खूण करावी लागते. तिथल्या फायली पुसल्या की प्लेअर पुढच्या वेळी वही नव्याने लिहायला घेतो. तुमची गाणी दुसऱ्या फोल्डरात असतात, त्यांना धक्का लागत नाही.

काकूंच्या सीडीत कोडेकची किंवा वहीची अडचण नव्हती. डिस्क उघडली तेव्हा आत चार-पाच फोल्डर दिसले. त्यातल्या एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरात एकच मोठी फाइल होती, सहाशे एमबीच्या वरची, आणि तिची चिठ्ठी ‘डॉट डीएटी’. व्हीसीडी हा १९९३ मध्ये ठरलेला नमुना. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, बांधणी एमपेग-१ ची, आणि एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपास चित्रण. म्हणूनच पूर्ण रात्रीच्या हळदीला तीन डिस्का लागल्या. माल इतका जुना आणि साधा की आजचा कुठलाही चांगला प्लेअर तो सहज उलगडतो. अडचण चिठ्ठीची होती. डीएटी ही अक्षरे शेकडो प्रोग्राम आपापल्या माहितीच्या फायलींना लावतात, त्यामुळे ती व्हिडिओ आहे हे विंडोजच्या यादीत नसते. पोराने प्लेअर काढला, पण प्लेअरपर्यंत फाइल कधी पोचलीच नव्हती.

अशा वेळी दुसरा प्लेअर बसवणे हा सरळ मार्ग. मी व्हीएलसी बसवतो. पॅरिसच्या एकोल सांत्राल या इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून तो उभा राहिला. २००१ मध्ये त्याचा कोड सर्वांसाठी खुला झाला. रस्त्याच्या कामावर ठेवतात तो नारिंगी शंकू त्याची खूण. माल उलगडायची बहुतेक अवजारे तो स्वतःबरोबर आणतो, त्यामुळे कोडेक पॅकच्या फंदात पडावे लागत नाही. पोराने बसवलेला पॅक आणि त्याबरोबर आलेले प्रोग्राम मी आधी काढले, कॉम्प्युटर स्कॅन केला, मगच हे केले.

व्हीएलसी त्याच्या मूळ साइटवरूनच घ्यावा, म्हणजे व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. हे मुद्दाम सांगतो. २०२२ च्या फेब्रुवारीपासून ही साइट भारतात बंद करून ठेवली होती. ती चालवणाऱ्या संस्थेने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने ऑक्टोबरमध्ये सरकारला कायदेशीर नोटीस पाठवली आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मूळ दुकान बंद असले की लोक मिळेल तिथून घेतात, आणि नकली वस्तूंचे तिथेच फावते.

बसवल्यावर यादी बदलायची. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स असे जाऊन व्हीएलसी निवडा. तिथे एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय अशी एकेक चिठ्ठी दिसेल, तिच्यापुढे व्हीएलसी लावा. एकेक करणे कंटाळवाणे आहे, पण कोणताही प्रोग्राम तुम्हाला न विचारता ही जागा बळकावू नये म्हणून ते असे ठेवले आहे. एकाच प्रकारच्या फायलींसाठी हवे असेल तर फाइलवर उजवे क्लिक, ‘ओपन विथ’, ‘चूज अनदर ॲप’, व्हीएलसी आणि ‘ऑलवेज’.

डीएटीसाठी मात्र हे करू नका. ती चिठ्ठी कायमची व्हीएलसीला दिली की दुसऱ्या प्रोग्रामांच्या फायलीही व्हिडिओ समजून उघडू पाहतील. त्या फाइलला माऊसने उचलून व्हीएलसीच्या खिडकीत सोडायचे, एवढेच. मी तेच केले. आधी नुसती वाजंत्री, मग मांडवाचे खांब, मग पिवळ्या हातांची नवरी, आणि मग काकूंच्या आईचा आवाज. काकू उभ्या होत्या, त्या खुर्चीवर बसल्या. पुढची वीस मिनिटे मी कशाला हात लावला नाही.

डीव्हीडी असेल तर गोष्ट थोडी वेगळी. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मीडिया प्लेअरमधून डीव्हीडी चालवायची सोय काढून घेतली आहे. त्यामुळे २०१० च्या सुमाराची लग्नाची डीव्हीडी नव्या लॅपटॉपवर उघडली नाही तर डिस्क खराब झाली असे समजू नका. व्हीएलसी ती लावतो. माणसे हलताना चित्रात कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर ‘व्हिडिओ’ मेनूत ‘डीइंटरलेस’ चालू करा, त्या जातात.

आता काढण्याबद्दल. डिफॉल्ट प्लेअर बदलल्यावर जुना प्लेअर नुसता पडून राहतो, त्रास देत नाही. तरीही काढायचा असेल तर विंडोज ७ मध्ये कंट्रोल पॅनेलमधल्या ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ इथे ‘मीडिया फीचर्स’खाली त्याच्यापुढची खूण काढायची. विंडोज १० आणि ११ मध्ये सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये तो सापडतो. ११ मध्ये त्याच्या नावापुढे ‘लेगसी’ लिहिलेले असते, कारण २०२२ पासून ‘मीडिया प्लेअर’ हे नाव एका वेगळ्या, नव्या ॲपला दिले गेले. काढून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा. हवा झाला तर त्याच जागेवरून परत घेता येतो.

प्रोग्राम फाइल्समध्ये जाऊन त्याचे फोल्डर पुसायचे मात्र नाही. एक्सपीच्या काळात अनेकांनी ते करून पाहिले. विंडोज आपल्या जपलेल्या फायली काही क्षणांत परत आणून ठेवायचे. आताचे विंडोज बहुधा पुसूच देत नाही, आणि जोर करून पुसलेच तर पुढच्या अपडेटला अडचण येते. ‘ऑप्शनल फीचर्स’मधून काढला तरी जातो तो त्याचा दर्शनी भाग. आवाज-चित्र उलगडणारी यंत्रणा विंडोजमध्ये राहते आणि ती राहायलाच हवी, तिच्यावर दुसरे प्रोग्राम चालतात.

ती यंत्रणाही काढली तर काय होते, हे युरोपात दिसले. विंडोजबरोबर मीडिया प्लेअर बांधून विकणे हा स्पर्धकांवर अन्याय आहे, असे ठरवून युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि प्लेअर नसलेली प्रत विकायला लावली. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. त्या प्रतीच्या नावापुढे ‘एन’ लागते. किंमत तीच असल्याने गिऱ्हाइकांनी ती फारशी घेतली नाही. माझ्या मते आयोगाचा मुद्दा बरोबर होता, पण निवड करायची वेळ ग्राहकावर आली तेव्हा त्याच्या हाती उणी वस्तू पडली. ही प्रत आजही आहे. एखाद्या सेकंडहँड लॅपटॉपवर एकही व्हिडिओ चालत नसेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट इथे विंडोजच्या नावापुढे एन आहे का ते पाहा. असेल तर ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘मीडिया फीचर पॅक’ बसवा.

गोदामवाल्यांसाठी एक गोष्ट. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून उतरवलेली ‘डॉट डीएव्ही’ फाइल साध्या प्लेअरमध्ये उघडली नाही तर तिचे नाव बदलत बसू नका. डीव्हीआर बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा प्लेअर असतो, तो वापरा. पोलिसांना द्यायची असेल तर मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा.

काकूंच्या तीन डिस्कांपैकी दुसरीवर ओरखडे होते. मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत पुसली. गोल पुसायची नाही. मग तिन्ही फायली हार्ड डिस्कवर उतरवल्या आणि व्हीएलसीच्या ‘मीडिया’ मेनूतल्या ‘कन्व्हर्ट’मधून त्यांच्या एमपीफोर प्रती केल्या, म्हणजे फोनवरही दिसतील. मूळ डीएटी फायली पुसल्या नाहीत. एक संच पेनड्राइव्हवर काकूंकडे, दुसरा पोराच्या हार्ड डिस्कवर आहे. दुसऱ्या डिस्कवरचा शेवटचा चार मिनिटांचा भाग आला नाही.

तुमच्या कपाटात अशी डिस्क असेल तर या आठवड्यातच तिची कॉपी काढा. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह ओळखीच्याकडून एका दिवसासाठी मागून आणा.