ठासणीच्या बंदुकीचा कान

प्रवरेकांठचें बेलापूर हा उसाच्या मळ्यांचा मुलूख आहे. फडांत रानडुकरांचा कळप शिरला, म्हणजे वर्षभराची मेहनत एका रात्रींत मातीमोल होते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठीं ठासणीची बंदूक बाळगण्याच्या परवान्याची तरतूद 1959 च्या शस्त्र-कायद्यांत स्वतंत्रपणें नमूद आहे. परंतु या बंदुकीचा बार जसा पुढें जातो, तसा त्याचा अल्प अंश मागेंही येतो. आणि मागें असतो तो राखणदाराचा डोळा. ही झळ कां येते व ती कमी कशी करतात, हें समजून घेण्यासारखें आहे.

ठासणीच्या हत्यारांत दारू व गोळी तोंडाकडून भरतात. नळीचा बुडखा बंद असतो. मात्र आंतल्या दारूस आग पोंचविण्यासाठीं तेथें एक बारीक छिद्र ठेवावें लागतें. त्यालाच कान म्हणतात. शत्रूची तोफ निकामी करावयाची, तर तिच्या कानांत खिळा ठोकीत, तो यासाठींच. 1549 मध्यें अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ओतलेली आणि आज विजापुरास असलेली ‘मुलूखमैदान’ तोफही ठासणीचीच. जी वाट आगीस आंत जाण्याची, तीच तप्त वायूस बाहेर येण्याची.

तोड्याच्या व चकमकीच्या बंदुकींत हा कान उघडाच असे, आणि बाहेरचें रंजकही डोळ्यांसमोरच भडके. 1807 मध्यें स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांनीं आघातानें पेटणाऱ्या द्रव्याच्या उपयोगाचें पेटंट घेतलें. त्यांतूनच पुढें तांब्याची टोपी निघाली. ती एका पोकळ खुंटीवर बसते, घोडा तिजवर आपटतो आणि ज्वाला खुंटींतून आंत जाते. कानावर असें झांकण पडलें. 1834 मध्यें वुलिच येथें दोन्ही प्रकारांचे सहा-सहा हजार बार काढून पाहिले. चकमकीच्या बंदुका 922 वेळां फुसक्या गेल्या. टोपीच्या अवघ्या 36 वेळां.

तरी झळ पुरती थांबली नाहीं. टोपी फुटून तिचे तुकडे उडत. म्हणून घोड्याचें नाक खोलगट करून टोपी त्याच्या पोटांत घेतली. दुसरें कारण अधिक चोरटें आहे. वायूच्या माऱ्यानें छिद्र झिजतें. त्याचा व्यास दुप्पट झाला कीं क्षेत्रफळ चौपट होतें. मग वायु अधिक, झीजही अधिक, आणि अखेर घोडाच उलटा उचलला जातो. उंची बंदुकांच्या कानास प्लॅटिनमचें अस्तर देत, तें याचकरितां. हल्लींच्या कांहीं ठासणीच्या रायफलींत टोपी बंद घरांत बसते व रबराची कडी फट बुजविते.

परीक्षेचा नियम एकच: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दारूचें वजन, गोळी व ठासण्याचा जोर तोच ठेवून आधीं टोपी बदलावी, मग कडी. प्रत्येक बारानंतर घोड्याचें नाक व टोपीची बैठक पाहावी. जेथें काजळी, तेथें गळती. टोपी सैल असेल तर वायु निसटतो. फार घट्ट असेल तर ती पुरती बसत नाहीं. मग घोड्याचा पहिला आघात तिला बसविण्यांतच खर्ची पडतो आणि बार फुसका जातो.

ही परीक्षा जाणत्या कारागिराचें काम आहे. राखणदारानें एवढेंच करावें: बार उडाला नाहीं तर नळी पुढेंच रोखून थोडा वेळ थांबावें, आणि खुंटी झिजली असल्यास ती वेळींच बदलून घ्यावी. खुंटी बोटाच्या पेराएवढीही नसते. पण डोळ्याची राखण तीच करते.