मायच्या डोक्यातली गाठ आणि घरातला हिशेब

माय सकाळी उठली की डोकं धरून बसायची, मग ओकारी व्हायची. आम्हाला वाटलं पित्त आहे. गोळ्या आणल्या, चष्म्याचा नंबर तपासला, महिना तसाच गेला. मग ती बोलताना शब्द चुकू लागली. मीठ मागायचं असलं की "दार दे" म्हणायची. आम्ही भावंडं हसायचो, तीही हसायची. एके दिवशी भाजी निवडताना तिचा उजवा हात आखडला, तोंड वाकडं झालं आणि ती कोसळली. शेजाऱ्यांनी कांदा हुंगवला, एकाने चप्पल नाकाशी धरली. गर्दीतून कुणी म्हणालं, "हे बाहेरचं आहे, बाबाकडं न्या."

आमची धाकटी बहीण अकोल्याहून धावत आली आणि तिने मायला थेट इर्विनला नेलं. त्या दिवशी आम्ही बाबाच्या दारात गेलो असतो तर पुढचं काहीच सांगता आलं नसतं.

आधी झटक्याविषयी, कारण हा प्रसंग कुणाच्याही घरी येऊ शकतो. माणसाला कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांद्याने आणि चपलेने झटका थांबत नाही. तो आपल्या वेळेने थांबतो आणि आपल्याला वाटतं चप्पल लागू पडली. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर झटका चालला, किंवा एक थांबून शुद्ध येण्याआधीच दुसरा आला, तर १०८ ला फोन करा. ज्याला आयुष्यात कधी झटका आला नाही अशा मोठ्या माणसाला पहिल्यांदा आला, तर मेंदूचा स्कॅन झालाच पाहिजे. पहाटे वाढणारी डोकेदुखी आणि ओकारी, एका बाजूचा हात-पाय हलका पडणे, शब्द न सापडणे, अंधुक किंवा दुहेरी दिसणे, शांत माणूस एकाएकी चिडका होणे, ही लक्षणंही अंगावर काढू नयेत.

स्कॅनमध्ये मायच्या मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ दिसली. मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते. म्हणून हात उजवा गेला आणि शब्द चुकले. मेंदूतली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. काही साध्या असतात आणि काढल्या की बरं वाटतं. काही फुप्फुस किंवा स्तनाच्या कॅन्सरमधून तिथे पोचलेल्या असतात. मायची गाठ मेंदूतच उगवलेली, चौथ्या ग्रेडची निघाली. तिला ग्लिओब्लास्टोमा म्हणतात. ती सहसा मेंदूबाहेर पसरत नाही, पण हरळीच्या मुळ्यांसारखी आसपासच्या चांगल्या भागात शिरते, म्हणून ऑपरेशनने पूर्ण निघत नाही. हा रोग लागत नाही. वस्तीतल्या दोन घरांनी मायचा कप वेगळा ठेवायला सुरुवात केली, तेव्हा हे आम्हाला स्पष्ट सांगावं लागलं. ज्यांच्या आजा-पणजांनी वेगळ्या भांड्याचा अपमान सोसला, त्यांच्याच घरी हे व्हावं याचं जास्त वाईट वाटलं.

नागपूरला ऑपरेशन झालं. पुढचा उपचार जगभर साधारण एकसारखा आहे. सहा आठवडे शेक, म्हणजे आठवड्यात पाच दिवस, एकूण ३० वेळा. सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या रोज. मग महिनाभर विश्रांती आणि नंतर दर २८ दिवसांतून पाच दिवस त्याच गोळ्या, अशा सहा फेऱ्या. २००५ साली या पद्धतीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसत्या शेकाने दोन वर्षं जगणारे शंभरात १० होते, गोळ्यांसह ते २६ झाले. डॉक्टरांनी हा आकडा आम्हाला खुर्चीवर बसवून, दार लावून सांगितला. तो ऐकून मोठा भाऊ बाहेर जाऊन रडला. पण आकडा माहीत होता म्हणूनच पुढचे निर्णय आम्हाला घेता आले.

शेकाच्या वेळी चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात, डोकं हलू नये म्हणून. पहिल्या दिवशी माय घाबरली. दुखत मात्र नाही. गोळ्या उपाशीपोटी, शक्यतो झोपताना, अख्ख्या गिळायच्या. कॅप्सूल फोडायची नाही. रक्ताची तपासणी ठरल्या दिवशी करायचीच, कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात. ताप आला तर क्रोसिन देऊन वाट बघू नका, दवाखाना गाठा. सूज उतरवणारी डेक्सामेथासोनची गोळी मनाने बंद करू नका. ती हळूहळूच कमी करतात. तिने साखर वाढते, भूक वाढते, चेहरा सुजतो. झटक्याची गोळीही चुकवायची नाही. आमच्याकडून प्रवासात दोन वेळा चुकली आणि तिसऱ्या दिवशी बसमध्येच झटका आला.

आता पैसा. २०१२ च्या जुलैत राज्याची जीवनदायी योजना आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आयुष्मान भारतशी जोडलेली. २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि रेशनकार्डाचा रंग आडवा येत नाही. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी त्याला भेटा. आमचे अकरा दिवस फुकट गेले ते एका अक्षरामुळे. मायचं नाव रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं, आणि रेशनकार्ड अजून गावच्या पत्त्याचं. घरात सगळे ठणठणीत आहेत तोवरच ही नावं जुळवून घ्या आणि आयुष्मान कार्ड काढून ठेवा. एका खासगी दवाखान्याने योजना लागू असतानाही डिपॉझिट मागितलं. आम्ही १५५३८८ वर तक्रार केली, मग मागणी थांबली. दुसरा नंबर १८००२३३२२०० आहे.

योजनेने ऑपरेशन आणि शेक झाला, तरी आम्ही कर्जात गेलोच. आमची वही सांगते कशात. भरतीआधीचा एमआरआय, खोलीभाडं, ऑटो, सोबतच्या माणसाचं जेवण. आणि सगळ्यात मोठी रक्कम वहीत लिहिलीच जात नाही: भावाची बुडालेली मजुरी. रोजचे ५०० रुपये धरले तर शेकाच्या ३० दिवसांचेच १५,००० होतात. बहिणीने बचत गटातून उचल घेतली ती ठीक, पण आम्ही मायक्रोफायनान्सचंही घेतलं. ते करायला नको होतं, आठवड्याचा हप्ता दुखणं बघत नाही.

त्याआधी हे दरवाजे ठोठवायला हवे होते. मुख्यमंत्री सहायता निधीला अर्ज करता येतो, पैसे थेट दवाखान्याला जातात. ट्रस्टच्या दवाखान्यांत दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना सवलतीत राखीव असतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जायचं. कॅन्सर रुग्णाला संजय गांधी निराधार योजनेत महिना १,५०० रुपये मिळू शकतात, पण वय ६५ च्या आत आणि उत्पन्नाची अट २१,००० रुपयांची, म्हणून बरेच अर्ज तिथेच अडतात. रेल्वेत उपचाराला जाताना रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. डॉक्टरांचा ठरावीक फॉर्म घेऊन खिडकीवर तिकीट काढावं लागतं. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहेच. मुंबईला टाटाला जाणाऱ्यांसाठी दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाची. फुटपाथवर झोपण्याआधी तिथे चौकशी करा.

चौथ्या फेरीनंतर गाठ पुन्हा वाढली. एका ठिकाणी दुसरं ऑपरेशन सुचवलं, योजनेबाहेर. भाऊ प्लॉट विकायला निघाला. आम्ही आधीच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारल्या: याने माय किती दिवस जास्त राहील, ते दिवस ती बोलत-चालत राहील का, आणि नाही केलं तर काय होईल. उत्तरं घेऊन आम्ही मायपाशी बसलो. तिला शब्द कमी उरले होते, पण समजत सगळं होतं. ती म्हणाली, "प्लॉट नका इकू. मले घरी राहू द्या."

डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरकडे पाठवलं. याचा अर्थ उपचार सोडणे नव्हे. दुखणं, झटके, ओकारी, झोप यांची औषधं चालूच राहतात, घरच्यांना सेवा शिकवतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची. खाऊ घालताना बसवायचं, घट्टसर पेज लहान चमच्याने द्यायची आणि ठसका लागला की थांबायचं. विहारातल्या महिला मंडळाच्या बायांनी पाळी लावून घेतली आहे. दुपारी दोन ते पाच त्या बसतात, तेव्हा बहीण झोपते.

माय आता दिवसाचा बराच वेळ झोपून असते. काल तिने मीठ मागितलं. दारच म्हणाली, पण आम्ही मीठ दिलं.