‘रेअर’ कशास म्हणावे?

इंग्रजी शिकावयास आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाने परवा वहीत लिहिले की, उन्हाळ्यात आमच्या गावी पाणी ‘रेअर’ असते. शब्दकोशात ‘रेअर’ म्हणजे दुर्मिळ. मग चूक कोणती, असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तर वाचकांपुढेही ठेवीत आहोत.

‘रेअर’ हा शब्द लॅटिन ‘रारुस’पासून आला. त्याचा मूळ अर्थ विरळ. उंच पर्वतावरील विरळ हवेसही इंग्रजीत त्याच धातूचा शब्द लावतात. जी वस्तू मुळातच क्वचित आढळते ती ‘रेअर’. जी हवी असता गरजेपुरती मिळत नाही ती ‘स्कार्स’. आपणही पाण्याची टंचाई म्हणतो, विरळता म्हणत नाही.

रक्ताच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तो ‘बॉम्बे’ रक्तगट. भारतात तो सुमारे १०,००० माणसांत एकाचा असतो. साध्या तपासणीत तो ‘ओ’ गटासारखा दिसू शकतो. परंतु अशा रोग्यास ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नाही, आपल्याच गटाचे लागते. हा गट रेअर तर नेहमीच असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाता मिळेनासा झाला, की तेच रक्त स्कार्सही होते.

कायद्यात तर या शब्दावर माणसाचे प्राण अवलंबून असतात. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, देहान्ताची शिक्षा केवळ ‘रेअरेस्ट ऑफ रेअर’, म्हणजे विरळातील विरळ प्रकरणी द्यावी. हे शब्द पुष्कळदा क्रूर गुन्ह्याचे विशेषण म्हणून वापरले जातात. वास्तविक न्यायालयाने शिक्षा देणाऱ्याच्या हातास घातलेला तो लगाम होय. गुन्हा भयंकर आहे एवढ्याने भागत नाही. जन्मठेपेचा मार्ग निःसंशय खुंटला आहे, हेही पाहावे लागते.

मुलाने ‘रेअर’ खोडून ‘स्कार्स’ लिहिले. आईबापांस आमची सूचना एवढीच की, मुलांकडून नव्या शब्दापुढे नुसता अर्थ न लिहविता त्याचे एक वाक्यही लिहवून घ्यावे.