वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार : घरच्याच स्वयंपाकघरातून

मान्यवर विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्या माहितीसाठी दरवर्षी या अहवालात एखाद्या उपचाराविषयी चार शब्द लिहिण्याचा आमचा प्रघात आहे. या वर्षी आम्ही वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराचा विषय घेतला आहे. ही शस्त्रक्रिया काही तासांत पूर्ण होते. तिचे यश मात्र पुढे कित्येक वर्षे रुग्णाच्या घरी, चुलीपाशी ठरत असते.

प्रारंभीच आमच्या एका चुकीची कबुली देणे उचित होईल. सुरुवातीच्या काळात घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती आम्ही एक छापील आहारपत्रक देत असू. त्यात ब्रोकोली, टोफू, ओट्स असे पदार्थ होते. पत्रक शास्त्रशुद्ध होते. पण खेड्यातील घरात ते उपयोगी पडणारे नव्हते. एक भगिनी काही महिन्यांनी तपासणीस आल्या तेव्हा वजन उतरले होते, परंतु केस गळत होते आणि जिना चढताना धाप लागत होती. चौकशी केली असता कळले की, ‘हलका आहार’ म्हणून त्या साबुदाण्याची खीर आणि चहा-बिस्किटांवर दिवस काढीत होत्या. पोट भरत होते, पोषण होत नव्हते. त्यानंतर आम्ही ते पत्रक बाजूला ठेवले आणि मराठवाड्यातील घरांत रोज काय शिजते, तेथून विचार सुरू केला.

या शस्त्रक्रियेच्या प्रचलित पद्धती दोन. ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग काढला जातो आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक राहते. ‘बायपास’ पद्धतीत जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. दोन्हींत एका वेळी जेमतेम छोटी वाटीभर अन्न मावते. वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर भांडवल थोडे आणि जबाबदारी पूर्वीइतकीच. म्हणून प्रत्येक घास विचारपूर्वक खर्च करावा लागतो.

पहिला खर्च प्रथिनांवर. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे साधारणतः सांगितले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे पोषणतक्ते प्रसिद्ध केले आहेत. अशा तक्त्यांच्या आधारे ढोबळ हिशेब मांडून पाहावा : पनीर १०० ग्रॅम – १८, दोन अंडी – १२, मूगडाळ ५० ग्रॅम – १२, दूध पाव लिटर – ८, दही २०० ग्रॅम – ७. एकूण ५७. यात अद्याप भात नाही, भाकरी नाही; तरीही बेरीज जेमतेम जुळते. साबुदाण्यात तर जवळपास निव्वळ पिष्टच असते. सुरुवातीच्या काळात डॉक्टर प्रथिनांची पावडर का देतात, हे यावरून ध्यानी यावे.

आहार पायरीपायरीने वाढवावा लागतो. पायऱ्यांची मुदत शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ठरवितात. ती स्वतः कमी करू नये. साधारणपणे पहिले दोन आठवडे पातळ पदार्थांचे : मूगडाळीचे गाळलेले कढण, पातळ ताक, साय काढलेले दूध, भाज्यांचे गाळलेले सार. पुढील दोन आठवडे घोटलेल्या पदार्थांचे : दुधी भोपळा व मूगडाळ एकत्र शिजवून घोटलेली आमटी, जिरेपूड घातलेला बिनसाखरेचा चक्का, दुधात मऊ कुस्करलेले पनीर. त्यानंतर मऊ अन्न : मेतकूट घातलेले घट्ट वरण, मऊ अंडाभुर्जी, पनीर भरलेले मुगाचे धिरडे, हुलग्याचे कढण, ताकातील ज्वारीची आंबील. साधारण दोन महिन्यांनंतर मऊ शिजवलेली मोडाची मटकी, आणि वरणात कुस्करलेली चतकोर ज्वारीची भाकरी. मांसाहारी कुटुंबांत मऊ शिजवलेली मासळी अथवा कोंबडीचा खिमा चालतो.

एकच पदार्थ रोज पुढे आला की रुग्ण कंटाळतो आणि त्याचा हात नकळत बिस्किटाकडे वळतो. म्हणून वैविध्य ही येथे चैन नसून औषधाचाच भाग होय. सुदैवाने त्यासाठी वेगळा बाजार करावा लागत नाही. एका मूगडाळीचे कढण, वरण, धिरडे व मऊ खिचडी होते; कधी जिऱ्याची, कधी लसणाची फोडणी दिली की चव पालटते.

काही नियम मात्र कायमचे. घास लहान घ्यावा व पुष्कळ चावावा. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्धा तास थांबावे. गोड पदार्थांपासून दूर राहावे. विशेषतः बायपास झालेल्या रुग्णास इमरतीचा एक तुकडाही घाम, धडधड आणि जुलाब आणू शकतो. आपल्या शहरातील लग्नकार्यात नानखलिया समोर आला तर मांसाचे एक-दोन मऊ तुकडे घ्यावेत. तर्री व नान सोडून द्यावा. उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. परवानगी मिळाल्यास साबुदाण्याऐवजी दूध, दही, पनीर घ्यावे. ब-१२, ड जीवनसत्त्व, लोह व कॅल्शियम यांच्या गोळ्या आणि ठरावीक रक्ततपासण्या आयुष्यभराच्या आहेत. उलट्या थांबत नसतील तर घरगुती उपाय करीत न बसता त्वरित रुग्णालय गाठावे.

नातेवाइकांना एक नम्र विनंती. “एवढ्याशाने काय होते? अजून दोन घास घे,” हा आग्रह आपल्याकडे मायेने होतो. या रुग्णाच्या बाबतीत मात्र हात आवरणे हीच माया. त्याचे ताट वेगळे न मांडता घरच्याच वरणाची वाटी त्याला आधी द्यावी, भाकरी शेवटी.

देणगीदारांनाही आम्ही हेच निवेदन करू इच्छितो. शस्त्रक्रियेचा खर्च सर्वांना दिसतो; त्यानंतर आहारतज्ज्ञाने रुग्णाच्या सासूबाईंशेजारी बसून स्वयंपाकाविषयी बोलण्यात घालवलेला अर्धा तास जमाखर्चात दिसत नाही. तो अर्धा तास मिळाला नाही तर पहिला खर्चही वाया जाऊ शकतो, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत. आपल्या औदार्यातून तो अर्धा तास प्रत्येक रुग्णास मिळत राहील, असा आम्हास विश्वास वाटतो.