विजेच्या मोटारीची बॅटरी : लहान की मोठी?

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून वेदान्तापासून अणुशक्तीपर्यंत मोठमोठे विषय मांडले जातात. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदी बाजारातला आहे. विजेवर चालणारी मोटार घ्यावयाची असे घरात एकदा ठरले, की दुकानात गेल्याबरोबर प्रश्न येतो : लहान बॅटरीची हवी की मोठ्या बॅटरीची? टाटांची टियागो ही मोटार २०२२ साली विजेवर आली, ती १९.२ आणि २४ अशा दोन मापांत. त्यांचीच नेक्सॉन ३० युनिटांचीही निघाली आणि २०२४ साली ४५ युनिटांचीही. मोटार बाहेरून तीच. आतली बॅटरी वेगळी, आणि किमतीतला फरक मात्र लाखाच्या घरात जाणारा. हा लाख कोणी भविष्यनिर्वाह निधीतून काढतो, कोणी कर्जाने उभा करतो. म्हणून या प्रश्नाचा विचार नीट व्हावयास हवा.

आम्ही कामगार संघटनेचे कार्यकर्ते. शाळा लवकर सुटली. जे थोडेफार शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा शास्त्रज्ञाचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु वेतनकराराच्या वाटाघाटींत तीस वर्षे गेल्यामुळे समोरच्याने मांडलेला आकडा उलटून पाहण्याची सवय मात्र लागली आहे. तीच येथे उपयोगी पडते.

प्रथम माप समजून घेऊ. बॅटरीवर जो आकडा लिहिलेला असतो तो किलोवॅट-तासांचा. नाव जड वाटते, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. महिन्याच्या वीजबिलावर ज्याला आपण युनिट म्हणतो तेच हे. हजार वॅटची शेगडी तासभर चालली की एक युनिट जळते. म्हणजे २४ युनिटांची बॅटरी ती शेगडी २४ तास चालवू शकेल, एवढी वीज पोटात साठवते. हे एकदा ध्यानात आले, की बॅटरीचा व्यवहार रॉकेलच्या डब्याइतका सोपा होतो. डबा किती लिटरचा, आणि आपल्याला रोज लागते किती, एवढेच पाहावयाचे.

आता लागते किती? लहान किंवा मध्यम आकाराची मोटार शहरातल्या बेताच्या वेगाने एका युनिटात सात-आठ किलोमीटर जाते. महामार्गावर वेग वाढला, गारव्याचे यंत्र लावले, चार माणसे आणि सामान घेतले, की हा आकडा सहावर किंवा त्याखालीही येतो. याचे कारण हवा. वेग ताशी ६० वरून १०० वर नेला, तर हवेचा अडथळा कापण्यासाठी दर किलोमीटरला पावणेतीन पटींच्या वर शक्ती खर्चावी लागते. पेट्रोलच्या मोटारीलाही हा नियम सुटत नाही. परंतु तिची टाकी मोठी असल्याने तो आपल्या नजरेस येत नाही.

दुसरे कारण चढ. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना सुमारे साडेपाचशे मीटर उंची गाठावी लागते. माणसांसह दीड हजार किलो वजनाची मोटार तेवढी वर उचलावयाची म्हणजे निव्वळ चढाईसाठी सव्वादोन युनिटे हवीत. यंत्रातली गळती धरली तर अडीचच्या पुढे. २४ युनिटांच्या बॅटरीचा हा दहावा हिस्सा झाला. उतरताना यातला काही भाग परत मिळतो, कारण उतारावर मोटर उलट काम करून वीज तयार करते. पण तो सगळा कधीच परत मिळत नाही.

कंपन्या जाहिरातीत जे अंतर छापतात ते ठरावीक चाचणीत मोजलेले असते. ते खोटे नसते, पण आपल्या रस्त्यावरचेही नसते. ४५ युनिटांच्या नेक्सॉनचे चाचणीतले अंतर ४८९ किलोमीटर. आणि प्रत्यक्ष वापरात बहुतेकांना ३५० ते ३७० मिळेल, असे कंपनीनेच जाहीर केले. म्हणून आम्ही आमच्या हिशेबात युनिटाला सहा किलोमीटर एवढेच धरतो. जास्त मिळाले तर आनंदच आहे.

येथवर झाला डब्याचा विचार. पण खरा प्रश्न डब्याचा नाहीच, तो नळाचा आहे. आपल्या गावांत पाण्याची जी तऱ्हा, तीच येथेही आहे. ज्याच्या घरी नळाला चोवीस तास पाणी, त्याला एक कळशी पुरते. ज्याच्या आळीत दिवसाआड पाणी येते, त्याला पिंपे भरून ठेवावी लागतात. मोटार रात्री जेथे उभी राहते तेथे आपला प्लग असेल, तर रोज सकाळी बॅटरी भरलेली मिळणार. मग ती लहान असली तरी चालते. प्लग नसेल, आठवड्यातून एकदा सार्वजनिक केंद्रावर जाऊन चार्जिंग करावे लागत असेल, तर सात दिवसांचा साठा एकदम लागतो.

घरचा प्लग किती देतो तेही पाहू. फ्रिज-गीझरला असतो तसा १५ अँपिअरचा प्लग, २३० व्होल्टचा दाब. गुणाकार केला की साडेतीन हजार वॅटच्या आत. मोटार प्रत्यक्षात तीन हजारांच्या आसपास किंवा कमीच घेते, आणि थोडे वाटेत उष्णतेत जाते. म्हणजे रात्रीच्या आठ तासांत बॅटरीत वीस-एक युनिटे पडली असे समजावे. १९.२ युनिटांची मोटार एका रात्रीत भरली. ४५ युनिटांची पूर्ण रिकामी मोटार त्याच प्लगवर एका रात्रीत भरणार नाही. तिच्यासाठी भिंतीवर बसवावयाचे सात किलोवॅटचे चार्जर हवे आणि घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. हे न करता मोठी बॅटरी घेणे म्हणजे बारीक धारेच्या नळाखाली मोठे पिंप ठेवण्यासारखे आहे. आणखी एक सूचना. प्लग लावण्यापूर्वी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या इमारतींत ते नावापुरतेच असते.

आता माप कसे ठरवावे? आम्ही एक साधा नियम सांगतो. आपला नेहमीचा, पण जास्तीत जास्त धावपळीचा दिवस घ्या. त्या दिवशी मोटार जितके किलोमीटर चालेल त्याला चाराने भागा. येईल तितक्या युनिटांची बॅटरी पुरे. यात जादू काही नाही. युनिटाला सहा किलोमीटर धरले. बॅटरी तळापर्यंत कधी रिकामी करू नये म्हणून पाचवा हिस्सा राखून ठेवला. आणि वर्षे गेली की बॅटरीची साठवण घटते, त्यासाठी आणखी पाचवा हिस्सा सोडला. सहाचे शेवटी जवळजवळ चार उरतात. (कंपन्या बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवर देतात, हमीपत्र वाचूनच सही करावी.) भोसरीच्या कारखान्यात पिंपरीहून जाणाऱ्या फिटरचा दिवस, मुलांची शाळा आणि संध्याकाळचा बाजार धरूनही, साठ किलोमीटरांच्या वर क्वचित जाईल. साठ भागिले चार, पंधरा. सर्वांत लहान बॅटरी त्याला आठव्या वर्षीही पुरावी.

यावर हमखास शंका येते : "पण आम्हांला गणपतीला कोकणात जावयाचे असते, त्याचे काय?" शंका रास्त आहे. पुण्याहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. आमच्या मापाने ३८ युनिटांचा रस्ता. २४ युनिटांच्या मोटारीला वाटेत दोनदा थांबावे लागेल, आणि थांब्यांत मिळून दीड-दोन तास जातील. जलद केंद्रावरही बॅटरी ८० टक्के भरली की वेग मंदावतो, म्हणून तेथेच निघणे शहाणपणाचे. मोठ्या बॅटरीचा येथे दुहेरी लाभ असतो. ती मुळात लांब जाते, आणि जलद केंद्रावर बहुधा अधिक जोराने वीज घेत असल्याने तेवढ्याच मिनिटांत अधिक किलोमीटर पदरात टाकते.

परंतु या लाभाची किंमत काढून पाहा. समजा दोन मापांतला फरक दीड लाख, आणि तो ९ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जावर घेतला. हप्ता सुमारे ३,११५ रुपये. पाच वर्षांत एकूण जवळजवळ १ लाख ८७ हजार. महिन्यातून एक लांबची फेरी धरली तर आठ वर्षांत ९६ फेऱ्या. म्हणजे दर फेरीला, वाटेतले थांबे वाचविण्यासाठी, साडेएकोणीसशे रुपये मोजले. वर्षातून तीनच फेऱ्या असतील तर हाच आकडा पावणेआठ हजारांच्या वर जातो. तेवढ्यात दुसरी मोटार भाड्याने घेऊन जाता येते. वर्षाच्या तीन दिवसांसाठी उरलेले ३६२ दिवस हप्ता का भरावा, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. शिवाय बॅटरीला वजन असते. दर युनिटामागे सात-आठ किलो धरले, तर २० युनिटांचा जादा साठा म्हणजे दोन धडधाकट माणसे मोटारीत कायमची बसविल्यासारखे आहे.

हाच हिशेब भाड्याने मोटार चालविणाऱ्या बांधवाला मात्र उलटा लागू होतो. त्याची मोटार दिवसाला १८० किलोमीटर धावते असे समजा. ३० युनिटांची बॅटरी त्याला भर दुपारी थांबवील. केंद्रावरचा एक तास आणि रांगेचा अर्धा, असा रोज दीड तास गेला. महिन्याच्या २५ दिवसांत साडेसदतीस तास. आठ तासांच्या साडेचार पाळ्यांहून अधिक. या वेळेचे भाडे त्याला कोणी देत नाही. तासाची निव्वळ कमाई शंभर रुपयेच धरली तरी महिन्याला ३,७५० रुपये बुडाले, आणि मोठ्या बॅटरीचा हप्ता तर ३,११५ च होता. वर केंद्रावरची वीज घरच्यापेक्षा बहुधा महाग. नियमाप्रमाणे १८० भागिले चार, पंचेचाळीस. तेच त्याचे माप. सुताराने रंधा घेताना जो विचार करावा तोच त्याने येथे करावा. हत्यार अपुरे असले की मजुरी बुडते.

एकाच मापाच्या दोन बॅटऱ्याही सारख्या नसतात, हे जाता जाता सांगितले पाहिजे. एका जातीत लिथियमबरोबर लोह आणि फॉस्फेट असते. ती वजनाला जड, पण अधिक वेळा भरता-रिकामी करता येते आणि तापण्याच्या बाबतीत अधिक सोशिक असते. दुसऱ्या जातीत निकेल, मँगेनीज आणि कोबाल्ट असते. ती त्याच वजनात अधिक वीज साठवते. जगातले बहुतांश कोबाल्ट कांगो देशातून येते, आणि तेथल्या हातखाणींत लहान मुलेही राबताना आढळली आहेत. जरुरीपेक्षा मोठी बॅटरी घेताना आपण केवळ आपलाच पैसा खर्चीत नाही, याचे भान असावे. दुकानदाराला बॅटरीचे माप विचारताना तिची जातही विचारावी.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने तोच मुख्य. वरचा सर्व हिशेब पुन्हा पाहिला तर एक विपरीत गोष्ट दिसते. लहान, स्वस्त बॅटरी कोणाला पुरते? ज्याचा बंगला आहे, अंगण आहे, अंगणात प्लग आहे त्याला. आणि जो चाळीत किंवा जुन्या इमारतीत राहतो, ज्याची मोटार रस्त्याच्या कडेला उभी असते, त्याला मात्र मोठी, महाग बॅटरी घ्यावी लागते. ज्याच्यापाशी पैसा कमी त्यालाच पिंप विकत घ्यावे लागते, कारण नळ त्याच्या दारात नाही.

यावर उपाय दुकानात मिळत नाही, तो सोसायटीच्या सभेत मिळतो. मालकाने आपल्या घरच्या किंवा कचेरीच्या चालू वीजजोडणीवर मोटार चार्ज करावी, यास केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ साली सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट मुभा देण्यात आली. अडचण असते ती वाहनतळापर्यंत तार कोणी ओढावयाची, मीटर कोणाच्या नावे आणि बिल कसे वाटावयाचे, याची. दहा बिऱ्हाडांनी प्लग नाही म्हणून दीड-दीड लाख जास्त देऊन मोठ्या बॅटऱ्या घेतल्या, तर पंधरा लाख गेले. त्याच दहा बिऱ्हाडांनी एकत्र बसून ठराव केला, जाणत्या वायरमनला बोलावून वाहनतळात वेगळ्या मीटरचे प्लग बसवून घेतले, तर एवढ्या रकमेचा लहानसा भागही लागू नये. आणि पुढे अकरावे बिऱ्हाड मोटार घेईल तेव्हा त्यालाही तो प्लग उपयोगी पडेल.

तेव्हा दुकानाची पायरी चढण्याआधी दोन कामे करावीत. एक, महिनाभर रोजचे किलोमीटर वहीत लिहून काढावेत आणि सर्वांत मोठ्या नेहमीच्या दिवसाला चाराने भागावे. दुसरे, रात्री मोटार जेथे राहणार त्या जागेवर उभे राहून जवळात जवळचा प्लग किती पावलांवर आहे ते मोजावे. तो दूर असेल, तर बॅटरीचे माप ठरविण्याआधी सोसायटीच्या चिटणिसाकडे अर्ज द्यावा, आणि अर्जावर शेजाऱ्यांच्याही सह्या घ्याव्यात.